परदेशातील अध्यापनाच्या बनावट नोकऱ्या : भरतीतील फसवणुकीचा ऐतिहासिक आढावा
(बोरी अरब, ता. दारव्हा, जि. यवतमाळ यांसारख्या ग्रामीण केंद्रांच्या विशेष संदर्भात)

सारांश :
परदेशात शिक्षकाची नोकरी देतो असे सांगून उमेदवारांकडून पैसे उकळण्याचा प्रकार हा केवळ संगणकयुगाचा परिणाम नाही. एकोणिसाव्या शतकातील करारबद्ध मजुरांच्या भरतीपासून चालत आलेल्या फसवणुकीच्या परंपरेचे ते बदललेले रूप आहे. प्रस्तुत शोधनिबंधात या परंपरेचे टप्पे, त्या-त्या काळातील कायदे आणि त्यांच्या मर्यादा यांचा आढावा घेतला आहे. स्थलांतराचा कायदा बंदरावर व विमानतळावर पहारा देतो. बनावट नोकरीची फसवणूक मात्र उमेदवाराच्या गावातच पूर्ण होते, हे या निबंधाचे मुख्य प्रतिपादन आहे.

बीजसंज्ञा : करारबद्ध मजुरी, अरकाटी, उत्प्रवास कायदा, शिक्षक भरती, नियुक्तीपत्र, सायबर फसवणूक.

प्रस्तावना :
यवतमाळ जिल्ह्याच्या दारव्हा तालुक्यातील बोरी अरब हे कापूस पिकविणाऱ्या पट्ट्यातील गाव आहे. या पट्ट्याची आर्थिक स्थिती सर्वश्रुत आहे. १ जुलै २००६ रोजी विदर्भातील सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांचे पंतप्रधान पुनर्वसन पॅकेज जाहीर झाले. त्या सहा जिल्ह्यांत अमरावती, अकोला, बुलढाणा, वाशीम व वर्धा यांच्याबरोबर यवतमाळचाही समावेश होता. कोरडवाहू शेतीवर ज्या कुटुंबांचा भरवसा उरला नाही, त्यांनी मुलांच्या शिक्षणावर, विशेषतः डी. एड. व बी. एड. या पदव्यांवर भरवसा ठेवला. 'मास्तरकी' ही ग्रामीण महाराष्ट्रात पिढ्यानुपिढ्या प्रतिष्ठेची व पगाराची हमी मानली गेली. ही हमी जेव्हा डळमळू लागली, तेव्हा परदेशातील शाळेचे नियुक्तीपत्र हे अशा घरांना अविश्वसनीय न वाटता दिलासादायक वाटू लागले. प्रश्न केवळ एका उमेदवाराच्या भोळेपणाचा नाही. ज्या व्यवस्थेत हा भोळेपणा निर्माण होतो, त्या व्यवस्थेच्या इतिहासाचा आहे.

उद्दिष्टे :
१) परदेशी भरतीतील फसवणुकीच्या ऐतिहासिक स्वरूपाचा मागोवा घेणे.
२) उत्प्रवासविषयक कायद्यांत शिक्षक या घटकाचे स्थान तपासणे.
३) शिक्षित उमेदवार फसवणुकीस बळी का पडतो याची कारणमीमांसा करणे.
४) महाविद्यालयीन पातळीवर शक्य असलेले उपाय सुचविणे.

अभ्यासपद्धती :
प्रस्तुत निबंधासाठी ऐतिहासिक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला असून कायदे, शासकीय निर्णय व प्रकाशित माहिती या द्वितीयक साधनांचा आधार घेतला आहे.

१. अरकाटी आणि करार : फसवणुकीचा पहिला टप्पा
ब्रिटिश साम्राज्यात १८३३ च्या कायद्याने गुलामगिरी संपुष्टात आणण्यात आली आणि ऊस मळ्यांच्या मालकांना नवे मजूर हवे झाले. १८३४ पासून मॉरिशसकडे भारतीय करारबद्ध मजुरांचा ओघ सुरू झाला. कलकत्ता व मद्रासप्रमाणेच मुंबई बंदरातूनही मजूर रवाना झाले. त्यांत कोकणातील मराठी भाषकांची संख्या लक्षणीय होती. मॉरिशसमधील आजचा मराठी समाज हा त्यांचाच वारसा सांगतो. पोर्ट लुई येथील ज्या 'आप्रवासी घाटा'वर हे मजूर उतरले, त्याचा २००६ साली युनेस्कोच्या जागतिक वारसास्थळांत समावेश झाला.

या भरतीची यंत्रणा दलालांवर उभी होती. उत्तर भारतात त्यांना 'अरकाटी' म्हणत. गावोगाव, जत्रांत व धर्मशाळांत फिरून ते माणसे गोळा करीत आणि दरडोई मोबदला घेत. काम किती, पगार किती, देश किती दूर यांविषयी खोटे सांगणे हा त्यांच्या धंद्याचाच भाग होता. सुरिनामचे नाव 'श्रीरामाचे बेट' असे सांगितले गेल्याची आठवण तेथील भारतीय वंशजांत आजही टिकून आहे. तोताराम सनाढ्य यांना १८९३ साली अशाच फसवणुकीने फिजीला नेण्यात आले. पुढे १९१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या 'फिजी द्वीप में मेरे इक्कीस वर्ष' या हिंदी पुस्तकाने करारबद्ध मजुरीविरुद्ध लोकमत जागे करण्यास मोठा हातभार लावला.

शासनाने या फसवणुकीची दखल आरंभापासूनच घेतली होती. १८३७ च्या पाचव्या कायद्यानुसार परदेशी जाणाऱ्या मजुराने व भरती करणाऱ्या प्रतिनिधीने शासकीय अधिकाऱ्यासमोर हजर राहून कराराच्या अटी लेखी सादर करणे बंधनकारक झाले. १८८३ च्या एकविसाव्या कायद्याने ही देखरेख अधिक तपशिलात बांधली. परंतु अधिकाऱ्यासमोर उभा राहिलेला मजूर तोवर घरापासून तुटलेला, खर्चाच्या ओझ्याखाली दबलेला आणि परतीची वाट बंद झालेला असे. त्याने दिलेली संमती ही नावापुरतीच संमती ठरे.

या प्रश्नाला राष्ट्रीय व्यासपीठावर आणण्याचे श्रेय प्रामुख्याने नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांच्याकडे जाते. केंद्रीय विधिमंडळात त्यांनी १९१० मध्ये नाताळ वसाहतीकडे होणारी करारबद्ध मजुरांची रवानगी थांबविण्याचा ठराव मांडला व तो स्वीकारला गेला. ४ मार्च १९१२ रोजी त्यांनी ही पद्धतच समूळ बंद करण्याचा ठराव मांडला. सरकारी बहुमतामुळे तो फेटाळला गेला. पुढे १९१६ मध्ये पंडित मदनमोहन मालवीय यांच्या ठरावानंतर सरकारने तत्त्वतः माघार घेतली व १९१७ मध्ये भरती थांबविण्यात आली. गोखल्यांच्या मांडणीचा गाभा असा होता की, अशिक्षित व असहाय माणसाने न समजलेल्या करारावर केलेली सही नैतिकदृष्ट्या बंधनकारक मानता येत नाही. हा युक्तिवाद त्या काळी निर्णायक ठरला. तथापि, फसवणूक ही अशिक्षितांचीच होते, हे गृहीतकही त्यातूनच पुढील कायद्यांत उतरले.

२. शिक्षकांचे स्थलांतर : शासकीय मार्ग व खासगी मार्ग
स्वातंत्र्योत्तर काळात भारतीय शिक्षक मोठ्या प्रमाणावर परदेशी गेले, ही बाब स्थलांतराच्या इतिहासात काहीशी उपेक्षित राहिली आहे. सम्राट हैले सेलासी यांच्या राजवटीत इथिओपियातील शाळांत भारतीय शिक्षकांनी दीर्घकाळ अध्यापन केले. १९७६ मध्ये नायजेरियाने सार्वत्रिक प्राथमिक शिक्षणाची योजना सुरू केली. तेलाच्या उत्पन्नातून तेथे शाळा व महाविद्यालये वेगाने वाढली आणि अनेक भारतीय अध्यापकांना संधी मिळाली. १९७३ नंतर तेलाच्या किमती वाढल्या, आखाती देशांत भारतीय कामगारांची वसाहत वाढली आणि तिच्या मुलांसाठी भारतीय अभ्यासक्रमाच्या शाळा निघाल्या. त्यामुळे 'परदेशात शिक्षक हवेत' हे विधान खोटे नाही. फसवणुकीला बळ मिळते ते याच सत्यांशामुळे. गावात वा नात्यात कोणीतरी खरोखर मस्कतला वा दुबईला शिक्षक झालेले असते आणि त्या एका खऱ्या उदाहरणावर दहा खोट्या जाहिराती तगतात.

शासन ते शासन असा मार्ग जोवर प्रमुख होता, तोवर फसवणुकीस वाव कमी होता. खासगी भरती संस्था मध्ये आल्यावर चित्र बदलले. याचे चांगले दस्तऐवजीकरण झालेले उदाहरण अमेरिकेतील आहे. २००७ पासून फिलिपिन्समधील सुमारे ३५० शिक्षक लुइझियाना राज्यातील सरकारी शाळांत नेण्यात आले. प्रत्येकाकडून सुमारे १६,००० डॉलर इतके शुल्क घेण्यात आले. आधी एक रक्कम भरून घ्यायची, ती परत मिळणार नाही असे सांगायचे आणि मग दुसरी, मोठी रक्कम पुढे करायची, अशी त्याची रीत होती. ती भागविण्यासाठी शिक्षकांनी जबर व्याजाने कर्जे काढली. २०१० मध्ये या शिक्षकांनी दावा दाखल केला व डिसेंबर २०१२ मध्ये अमेरिकेतील ज्यूरीने भरती संस्थेविरुद्ध सुमारे ४५ लाख डॉलरची भरपाई मंजूर केली. येथे नोकऱ्या खऱ्या होत्या, शाळाही खऱ्या होत्या. फसवणूक शुल्कात व कर्जात होती. या शिक्षकांना संघटनेचे पाठबळ होते आणि दावा लढण्यासाठी प्रतिवादी समोर उभा होता. बनावट नोकरीत बळी पडलेल्या उमेदवारासमोर असा प्रतिवादीच नसतो.

राष्ट्रकुल देशांनी १ सप्टेंबर २००४ रोजी 'राष्ट्रकुल शिक्षक भरती संहिता' स्वीकारली. लहान देशांतील शिक्षक श्रीमंत देशांकडे ओढले जात असल्याच्या तक्रारीतून ती निर्माण झाली. भरती करणाऱ्या देशाने पारदर्शकता राखावी, नियुक्त शिक्षकाला अटींची पूर्ण माहिती आधी द्यावी, अशा तरतुदी तीत आहेत. परंतु ही संहिता नैतिक स्वरूपाची आहे. कायदेशीर बंधन तिला नाही.

३. १९८३ चा उत्प्रवास कायदा आणि शिक्षक
१९२२ च्या कायद्याची जागा उत्प्रवास अधिनियम, १९८३ ने घेतली. तो ३० डिसेंबर १९८३ पासून अमलात आला. आखाती भरतीच्या लाटेत मुंबई हे दलालांचे मोठे केंद्र झाले होते, ही त्याची पार्श्वभूमी होय. या कायद्याने भरती प्रतिनिधीस नोंदणी प्रमाणपत्र सक्तीचे केले. 'भरती' या संज्ञेत नोकरीची जाहिरात देणे आणि त्यासंबंधी पत्रव्यवहार करणे यांचाही समावेश केला. उत्प्रवासी संरक्षक या अधिकाऱ्याची यंत्रणा उभी केली. महाराष्ट्रासाठीचे हे कार्यालय मुंबईत आहे. बोरी अरबच्या उमेदवारासाठी ते किती दूर आहे, हे सांगण्याची गरज नाही.

या कायद्याच्या रचनेत तीन उणिवा दिसतात. पहिली उणीव व्याख्येची. 'काम' या संज्ञेखाली मजुरी, घरकाम, वाहनचालन, कारागिरी, कार्यालयीन साहाय्यक, टंकलेखक, परिचारिका इत्यादींचा नावानिशी उल्लेख आहे. शिक्षकाचा नाही. दुसरी उणीव सवलतीची. ठरावीक देशांत जाण्यासाठी लागणाऱ्या उत्प्रवास परवान्यातून शिक्षितांना वगळण्यात आले आणि २००७ पासून दहावी उत्तीर्ण व्यक्तीलाही ही सूट मिळाली. सूट देण्यामागे शिक्षिताला जाच होऊ नये हा सद्हेतू होता. परिणाम असा झाला की, बी. एड. झालेल्या उमेदवाराचे कंत्राट तपासणारा एकही शासकीय अधिकारी त्याच्या वाटेत येत नाही. तिसरी उणीव शिक्षेची. मूळ कायद्यातील शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद व दोन हजार रुपयांपर्यंत दंड अशी होती. ज्या गुन्ह्यात लाखो रुपयांची लूट होते, तेथे हा दंड परिणामकारक कसा ठरावा? नव्या कायद्याचे मसुदे २०१९ व २०२१ मध्ये जाहीर झाले, यावरून ही त्रुटी शासनासही मान्य असल्याचे दिसते.

मात्र यापेक्षाही मूलभूत मुद्दा वेगळा आहे. १८३७ पासून १९८३ पर्यंतचे सर्व कायदे 'प्रस्थान' या क्षणाभोवती रचले आहेत. माणूस देश सोडून निघाला की त्याची तपासणी होते. बनावट नोकरीत कोणी निघतच नाही. पैसे जातात, माणूस गावातच राहतो. त्यामुळे उत्प्रवास कायद्याच्या दृष्टीने जणू काही घडलेलेच नसते.

४. पत्रातून संगणकाकडे : बनावट नोकरीची कार्यपद्धती
१९८० नंतर टपाल व फॅक्सने येणारी, मोठ्या रकमेचे आमिष दाखविणारी पत्रे जगभर कुप्रसिद्ध झाली. नायजेरियाच्या दंडसंहितेतील फसवणुकीच्या कलमावरून त्यांना '४१९' हे नाव पडले. ई-मेल स्वस्त झाल्यावर त्याच तंत्राने नोकरीचे रूप घेतले. या पद्धतीची पायरीपायरीने मांडणी अशी करता येते. प्रथम एखाद्या खऱ्या वा खऱ्यासारख्या नावाच्या शाळेकडून पत्र येते. मुलाखत होत नाही किंवा नाममात्र होते. नियुक्तीपत्रात भरघोस पगार, मोफत निवास, विमानाचे भाडे व कुटुंबाची सोय यांचा उल्लेख असतो. त्यानंतर 'व्हिसाचे वकील' वा 'स्थलांतर अधिकारी' यांचा प्रवेश होतो. पहिली मागणी लहान असते व ती रुजू झाल्यावर परत मिळणार असते. मग वैद्यकीय तपासणी, विमा, पोलीस दाखला, कर अशी कारणे निघत जातात. प्रत्येक नवी मागणी आधीच्या रकमेची आठवण करून देते. एवढे भरले आहेत, आता थांबलो तर सर्व बुडेल, हा विचारच उमेदवाराला पुढे ढकलतो.

खऱ्या प्रक्रियेची माहिती असती तर यांतील बहुतेक पत्रे पहिल्याच वाचनात उघडी पडली असती. ब्रिटनमध्ये २००८ पूर्वीच्या पद्धतीत वर्क परमिटसाठी अर्ज नियोक्त्याने करावयाचा असे. उमेदवाराकडून 'वर्क परमिट शुल्क' मागणारे पत्र म्हणूनच संशयास्पद होते. इंग्लंडमध्ये पात्र शिक्षक हा दर्जा मिळविण्याची स्वतंत्र शासकीय प्रक्रिया असून फेब्रुवारी २०२३ पासून भारतासह काही देशांच्या शिक्षकांना त्यासाठी अर्ज करता येऊ लागला. तोही ठरावीक विषयांपुरता. आखाती देशांत पदवी प्रमाणपत्रांच्या साक्षांकनाशिवाय नियुक्ती पुढे सरकत नाही. ज्या पत्रात कागदपत्रांची कसून मागणी नसते आणि पैशांची मागणी मात्र तातडीची असते, ते पत्र बनावट समजण्यास हरकत नाही.

रिझर्व्ह बँकेने २६ मे २०१० च्या परिपत्रकाद्वारे लॉटरी व तत्सम काल्पनिक प्रस्तावांसाठी पैसे पाठविण्याविरुद्ध बँकांना सावध केले. अशा व्यवहारात शुल्क परदेशी न जाता भारतातीलच एखाद्या व्यक्तीच्या खात्यात भरावयास सांगितले जाते, ही बाब त्यातून पुढे आली. म्हणजे शाळा लंडनची व खाते देशातल्याच एखाद्या शहरातले, ही विसंगती पैसे भरणाऱ्याच्या डोळ्यांसमोरच असते.

अलीकडे या फसवणुकीने आणखी गंभीर वळण घेतले. २४ सप्टेंबर २०२२ रोजी परराष्ट्र मंत्रालयाने थायलंडमधील नोकरीच्या नावाखाली सुशिक्षित तरुणांना म्यानमारमध्ये नेऊन डांबून ठेवले जात असल्याचा इशारा प्रसिद्ध केला. तेथे त्यांच्याकडून इतरांना फसविण्याचेच काम करून घेतले जाते. अरकाट्याचा काळ जणू नव्या रूपाने परतला. फरक एवढाच की, या वेळी बळी लिहिता-वाचता येणारा होता.

५. शिक्षित उमेदवार बळी का पडतो?
याचे पहिले कारण बेरोजगारीचे आहे. महाराष्ट्रात शिक्षणसेवक योजना २००० साली आली आणि प्राथमिक शिक्षकाची सुरुवात दरमहा ३,००० रुपये मानधनावर होऊ लागली. पुढे मानधन वाढले तरी प्राथमिक स्तरावर ते १६,००० रुपये होण्यास २०२३ साल उजाडले. मे २०१२ पासून शिक्षक भरतीवर निर्बंध आले. डिसेंबर २०१३ मध्ये राज्यात पहिली शिक्षक पात्रता परीक्षा झाली. पदविका, पदवी, पात्रता परीक्षा व अभियोग्यता चाचणी असे अडथळे पार करूनही नियुक्तीची खात्री नाही, असा अनुभव एका संपूर्ण पिढीने घेतला. वरिष्ठ महाविद्यालयांत नेट-सेट उत्तीर्ण उमेदवार तासिका तत्त्वावर वर्षानुवर्षे काम करतात, हे प्राध्यापकवर्गास वेगळे सांगावयास नको.

दुसरे कारण अधिक अप्रिय आहे. नोकरीसाठी पैसे द्यावे लागतात, ही समजूत आपल्या शिक्षणक्षेत्रानेच रुजविली. खासगी अनुदानित संस्थांतील 'डोनेशन' हे उघड गुपित राहिले. त्यास आळा घालण्यासाठीच पवित्र पोर्टलसारखी केंद्रीय व्यवस्था आणावी लागली. डिसेंबर २०२१ मध्ये पुणे पोलिसांनी शिक्षक पात्रता परीक्षेतील गैरव्यवहार उघडकीस आणला व २०२२ मध्ये ७,८०० हून अधिक उमेदवारांवर परीक्षा परिषदेने कारवाई केली. ज्या उमेदवाराने गावातील शाळेच्या जागेचा 'भाव' ऐकला आहे, त्याला परदेशातील शाळेने दोन लाख मागितले तर ते फसवणुकीचे लक्षण न वाटता स्वस्त सौदा वाटतो. गुन्हेगार बाहेरचा असला तरी त्याने पेरलेले बी उगवावे अशी जमीन येथेच तयार झाली आहे.

तिसरे कारण कागदावरील श्रद्धेचे आहे. शिक्षकी पेशा हा नियुक्ती आदेश, मान्यता व जावक क्रमांक यांच्या बळावर चालतो. शिक्का व सही असलेला कागद खोटा असू शकतो, ही शक्यताच मनात येत नाही. चौथे कारण लाजेचे. फसलेला मजूर बोलतो, फसलेला मास्तर बोलत नाही. गावाला शहाणपण शिकविणाराच फसला, ही नामुष्की त्याला पोलीस ठाण्यापासून दूर ठेवते. त्यामुळे गुन्ह्याची नोंद होत नाही व त्याच जाळ्यात शेजारच्या गावातील दुसरा उमेदवार अडकतो.

६. उपलब्ध कायदेशीर मार्ग
उत्प्रवास कायदा अपुरा असला तरी उमेदवार पूर्णतः निराधार नाही. फसवणुकीचा गुन्हा पूर्वी भारतीय दंड संहितेच्या कलम ४२० खाली नोंदविला जाई. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली तो येतो. माहिती तंत्रज्ञान कायद्यातील २००८ च्या दुरुस्तीने घातलेले कलम ६६-ड हे संगणकाद्वारे तोतयेगिरी करून केलेल्या फसवणुकीस तीन वर्षांपर्यंत कैद व एक लाख रुपयांपर्यंत दंड सांगते. राष्ट्रीय सायबर गुन्हे नोंद पोर्टल २०१९ पासून सुरू आहे व १९३० या क्रमांकावर आर्थिक फसवणुकीची तक्रार करता येते. पैसे भरल्यानंतर पहिल्या काही तासांत तक्रार झाल्यास रक्कम गोठविली जाण्याची शक्यता अधिक असते. म्हणूनच लाजेपोटी झालेला उशीर हा सर्वांत महागडा ठरतो. भरती संस्था नोंदणीकृत आहे किंवा नाही, हे परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट प्रणालीवर पाहता येते.

निष्कर्ष :
१) परदेशी भरतीतील फसवणुकीला सुमारे दोनशे वर्षांचा इतिहास आहे. दलाल, आमिष व न समजलेला करार ही तिची सूत्रे कायम आहेत.
२) करारबद्ध मजुरीत दलालाला पैसे मळेवाला देई, बनावट नोकरीत ते उमेदवारच देतो. नोकरीसाठी कोण पैसे देतो, हा प्रश्नच खऱ्याखोट्याची पहिली कसोटी होय.
३) फसवणूक अशिक्षिताचीच होते या गृहीतकावर कायदा उभा राहिल्याने शिक्षक संरक्षणाच्या कक्षेबाहेर राहिला.
४) रोजगाराची अनिश्चितता व पैसे देऊन नोकरी मिळविण्याची रूढ झालेली सवय यांनी फसवणुकीस अनुकूल वातावरण निर्माण केले.

शिफारशी :
१) नव्या उत्प्रवास कायद्यात शिक्षकाचा स्पष्ट समावेश व्हावा आणि प्रस्थान झाले नसले तरी बनावट प्रस्ताव हा स्वतंत्र गुन्हा मानला जावा.
२) अध्यापक महाविद्यालयांच्या अभ्यासक्रमात परदेशातील नियुक्तीची खरी प्रक्रिया व कराराचे वाचन यांवर एक घटक असावा.
३) ग्रामीण महाविद्यालयांच्या रोजगार मार्गदर्शन कक्षाने माजी विद्यार्थ्यांसाठीही नियुक्तीपत्र तपासून देण्याची सोय करावी. बोरी अरबसारख्या गावातील उमेदवाराला मुंबईचे कार्यालय दूर आहे. त्याला शिकविणारा प्राध्यापक जवळ आहे.
४) फसलेल्या उमेदवाराची ओळख गुप्त ठेवून त्याचा अनुभव पुढील तुकड्यांपर्यंत पोहोचवावा.

गोखल्यांनी १९१२ मध्ये ज्यांची बाजू मांडली, त्यांना करार वाचता येत नव्हता. आजच्या उमेदवाराला तो वाचता येतो, परंतु तो कोणी लिहिला हे तपासण्याची सवय त्याला लावलेली नाही. ही सवय लावणे हे पदवी देण्याइतकेच महाविद्यालयाचे काम आहे.